गुत्तीचा निळा कोळी : एका छंदाचा आणि एका अरण्याचा इतिहास

१/
मराठ्यांच्या इतिहासाशी परिचय असलेल्यांना गुत्ती हे नाव नवे नाही. आजच्या आंध्र प्रदेशात, अनंतपूरच्या परिसरात, ग्रॅनाइटच्या उंच टेकडीवर हा किल्ला उभा आहे. संताजी घोरपड्यांच्या घराण्यातील मुरारराव घोरपडे यांनी येथूनच कर्नाटकाच्या राजकारणावर दीर्घकाळ आपली छाप ठेवली. १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात अडकलेल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या मदतीस निघालेले मराठी घोडदळ मुराररावांचेच होते. पुढे १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्ती जिंकली, मुरारराव कैद झाले आणि या किल्ल्याचा मराठी अध्याय संपला.

२/
आज लंडन, बर्लिन किंवा लॉस एंजेलिसमधील काही हजार माणसांना मात्र गुत्ती हा शब्द वेगळ्याच कारणाने पाठ आहे. त्यांनी मुराररावांचे नाव ऐकलेले नसते. त्यांच्या घरी काचेच्या पेटीत, झाडाच्या सालीआड, तळहाताएवढा एक गडद निळा कोळी बसलेला असतो. त्याचे बाजारातील नाव ‘गुत्ती सफायर’, म्हणजे गुत्तीचा नीलमणी. टॅरंटुला पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या आवडत्या जातींमध्ये त्याचे स्थान अगदी वरचे आहे. विशेष म्हणजे हा कोळी गुत्तीचा नाही. तो गुत्तीचा कसा ठरला आणि जगभर कसा पोहोचला, हे समजून घेण्यासाठी आधी या छंदाचा इतिहास पाहावा लागतो.

३/
प्रथम ‘टॅरंटुला’ या नावाविषयी. दक्षिण इटलीत तारांतो नावाचे बंदर आहे. त्या परिसरातील एका मोठ्या भूचर कोळ्याला तेथील लोक टॅरंटुला म्हणत. त्याच्या दंशाने माणूस वेडापिसा होतो आणि बेभान नाचल्याखेरीज बरा होत नाही, अशी समजूत कित्येक शतके रूढ होती. ‘तारांतेला’ या नृत्याचे नाव त्याच मुलखातले. युरोपीय लोक अमेरिका खंडात पोहोचले तेव्हा तेथील महाकाय केसाळ कोळ्यांना त्यांनी हेच ओळखीचे नाव दिले. इटलीचा मूळ कोळी निराळ्या कुळातला. तो मागे पडला आणि नाव परक्याला चिकटले. या इतिहासात नावे पुन्हा पुन्हा अशीच चुकीच्या जागी जाऊन बसतात.

४/
या कोळ्यांचे युरोपला हादरवणारे पहिले चित्र एका स्त्रीने काढले. मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये आपल्या मुलीसह दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. तेथील कीटकांचे आणि वनस्पतींचे निरीक्षण करून १७०५ मध्ये तिने ॲमस्टरडॅम येथे आपला प्रसिद्ध चित्रग्रंथ छापला. त्यातील एका चित्रात पेरूच्या फांदीवर एक मोठा कोळी चिमुकल्या गुंजनपक्ष्याला खात असलेला दिसतो. १७५८ मध्ये कार्ल लिनियसने अशा कोळ्याला ‘ॲव्हिक्युलारिया’ हे नाव दिले. त्याचे मूळ लॅटिनमधील पक्षी या शब्दात आहे. तरीही एकोणिसाव्या शतकातील काही पंडितांनी मेरियनचे चित्र ही निव्वळ भाकडकथा ठरवली.

५/
मेरियनची बाजू सावरली ती हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ११ वर्षे काढून त्याने १८६३ मध्ये आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. जाळ्यात अडकलेल्या लहान पक्ष्यांवर बसलेला असा कोळी त्याने स्वतः पाहिला होता. त्याच वृत्तांतात आणखी एक छोटी नोंद आहे. त्याच्यासाठी नमुने गोळा करणाऱ्या स्थानिक कुटुंबातील मुलांनी एका प्रचंड कोळ्याच्या कमरेला दोरी बांधली होती आणि कुत्र्याला फिरवावे तसे ती त्याला घरभर फिरवत होती. टॅरंटुला पाळण्याच्या छंदाला आद्यपुरुष शोधायचाच झाला, तर तो कोणा युरोपीय सरदाराच्या दिवाणखान्यात न सापडता ॲमेझॉनकाठच्या या मुलांमध्ये सापडेल.

६/
विसाव्या शतकात या प्राण्याविषयीची भीती तपासून पाहण्याचे काम झाले. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठातील विल्यम बेर्ग यांनी अनेक वर्षे टॅरंटुला पाळले, त्यांच्या कात टाकण्याच्या, वाढीच्या आणि आयुर्मानाच्या नोंदी ठेवल्या आणि दंशाचे प्रयोग स्वतःच्या शरीरावरही करून पाहिले. १९५८ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. अमेरिकी टॅरंटुलाचा दंश बहुधा गांधीलमाशीच्या दंशापलीकडे जात नाही आणि मादी २० वर्षांहून अधिक जगू शकते, हे अशा दीर्घ निरीक्षणांतून स्पष्ट झाले. आवाज नाही, वास नाही, आठवड्याला एखादे झुरळ वा नाकतोडा एवढाच आहार, आणि सोबत दोन दशकांची! छंदाला लागणारी सामग्री अशी तयार झाली.

७/
चित्रपटसृष्टीचा प्रवाह मात्र उलट दिशेने वाहत होता. १९६२ च्या ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटात नायकाच्या अंगावरून टॅरंटुला चालत जातो, तो प्रसंग जगभर गाजला. पडद्यावर भीती विकली जात होती, आणि तीच भीती काही तरुणांच्या मनात कुतूहल जागवत होती. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत अमेरिका व युरोपातील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पोपट, मासे आणि कासवांशेजारी कोळ्यांच्या काचपेट्या मांडल्या जाऊ लागल्या. त्यांतील सर्वांत लाडका कोळी मेक्सिकोचा होता.

८/
मेक्सिकन रेडनी, म्हणजे लाल गुडघ्यांचा कोळी. काळेभोर शरीर आणि पायांच्या सांध्यांवर नारिंगी-तांबडे पट्टे. टॅरंटुला म्हटले की आजही बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच रूप येते. स्वभाव संथ, हालचाल सावकाश, चावण्याची वृत्ती कमी. त्रास झाला तर पोटावरचे बोचरे केस मागच्या पायांनी झाडून हवेत उडवायचे, एवढाच त्याचा मुख्य बचाव. त्या केसांनी त्वचेला खाज सुटते आणि डोळ्यांत गेले तर इजा होते. पण नवशिक्याला हा धोका पेलवण्यासारखा असतो. सुंदर, शांत आणि दीर्घायुषी: आवडते ठरण्यासाठी लागणारे तिन्ही गुण एका प्राण्यात एकवटले होते.

९/
याच तीन गुणांनी त्याच्या रानातील वंशावर संकट आणले. संथ असल्याने तो पकडायला सोपा. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील कोरड्या टेकड्यांत मादी वर्षानुवर्षे एकाच बिळात राहते, त्यामुळे बीळ दिसले की प्राणी हाती लागला. तिला वयात यायला कित्येक वर्षे लागतात. दुकानदाराला मोठी, देखणी मादीच हवी असते. म्हणजे रानातून प्रथम नाहीशी होते ती अंडी घालणारी पिढी. एका अंडकोशातून शेकडो पिल्ले निघत असली, तरी निसर्गात त्यांतील थोडीच प्रौढ होतात. अशा प्राण्याची मोठ्या प्रमाणावर पकड सुरू झाली की नुकसान भरून यायला दशके लागतात.

१०/
वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘साइट्स’ करार १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला आणि १९७५ पासून अमलात आला. वाघ, हत्ती, गेंडा हे त्याचे ठळक चेहरे. १९८५ मध्ये मेक्सिकन रेडनीचा या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. या परिशिष्टातील प्राण्यांचा व्यापार पूर्ण बंद नसतो. त्याला निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो. पुढे दशकभरात ‘ब्रॅकिपेल्मा’ ही संपूर्ण प्रजातीच त्या यादीत आली. पाळीव प्राणी म्हणून असलेल्या लोकप्रियतेमुळे एका कोळ्याला आंतरराष्ट्रीय संरक्षण द्यावे लागले, ही प्राणिव्यापाराच्या इतिहासातील लक्षणीय घटना होती.

११/
गमतीचा भाग असा, की जगाचा हा लाडका कोळी कित्येक वर्षे चुकीच्या नावाने ओळखला जात होता. १८९७ मध्ये फ्रेडरिक पिकार्ड-केंब्रिज यांनी ज्या जातीला ‘स्मिथी’ हे नाव दिले, ती मेक्सिकोच्या गेरेरो भागातील. तिच्यासारखीच दिसणारी, कोलिमा, हालिस्को आणि मिचोआकान भागांत राहणारी ‘हॅमोरी’ ही निराळी जात १९९७ मध्ये वर्णिली गेली. २०१७ मध्ये मेक्सिकोतील अभ्यासकांनी दोन्हींची सविस्तर छाननी केली आणि काचपेट्यांतले बहुतांश ‘स्मिथी’ प्रत्यक्षात ‘हॅमोरी’ असल्याचे स्पष्ट झाले. लाखमोलाचा प्राणी घरात होता. तो कोणत्या डोंगरातून आला, हे बहुतेक मालकांना ठाऊक नव्हते.

१२/
रेडनीवर बंधने आल्यावर दुकानांना पर्याय हवा होता. तो चिलीमध्ये सापडला. ‘चिलीयन रोझ’ हा तपकिरी-गुलाबी छटेचा, कमालीचा सोशिक कोळी रानातून पकडून मोठ्या संख्येने परदेशी पाठवला गेला आणि नव्वदच्या दशकात अत्यल्प किमतीत मिळू लागला. अनेक हौशी पालकांचा पहिला कोळी हाच असे. स्वस्त वस्तूची कदर कमी होते, तसेच येथेही झाले. तो आवडता होता, पण सहज बदलता येण्याजोगा. एका जातीवर कायदा आला की मागणी थांबत नाही, ती शेजारच्या जातीकडे वळते. प्राणिव्यापाराचा हा जुना नियम कोळ्यांनाही लागू पडला.

१३/
हळूहळू या छंदात दोन पंथ पडले. नवशिक्यांसाठी शांत अमेरिकी जाती. मुरलेल्यांसाठी दुर्मिळ, चपळ, रंगीत जाती. दक्षिण अमेरिकेतील ‘गोलायथ बर्डईटर’ आकारासाठी हवाहवासा. त्याच्या पायांचा विस्तार ३० सेंटिमीटरच्या आसपास जातो. पण सौंदर्याच्या स्पर्धेत आशिया पुढे निघाला. भारत आणि श्रीलंका या दोनच देशांत आढळणारी ‘पेसिलोथेरिया’ ही वृक्षवासी प्रजाती संग्राहकांना विशेष प्रिय झाली. तिच्या पाठीवर आणि पायांवर राखाडी, काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या रंगांची नक्षी असते. आशियाई कोळ्यांजवळ बोचरे केस नसतात. ते विजेच्या वेगाने पळतात, आणि चावले तर स्नायूंत तीव्र पेटके येऊन ते कित्येक दिवस त्रास देऊ शकतात.

१४/
येथे कथा पुन्हा गुत्तीला येते. रेजिनाल्ड इनिस पोकॉक हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ. भारतातून येणारे विंचू, कोळी, गोम यांचे नमुने त्यांच्या टेबलावर पोहोचत. त्यांतील कित्येक नमुने पाठवणारे वनाधिकारी, लष्करी डॉक्टर, पाद्री आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद असत. १८९९ मध्ये पोकॉक यांनी पेसिलोथेरियाच्या अनेक जातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील एक होती ‘मेटॅलिका’, धातूसारख्या निळ्या झळाळीची. हाती नमुना एकच होता. तो सापडला होता गुत्तीच्या रेल्वे स्थानकातील लाकडाच्या वखारीत.

१५/
वखारीत कोळी येतो कोठून? रुळांखालचे स्लीपर असोत की इंजिनांचे जळण, त्या काळी दक्षिणेतील रेल्वेला लाकूड अफाट लागे. तोपर्यंत गुंतकल–नंद्याल–गिद्दलूर या बाजूने नल्लमला डोंगरांतून जाणारा लोहमार्गही झालेला होता. तो चालवणाऱ्या कंपनीचे नाव होते सदर्न मराठा रेल्वे. अरण्यातील जुन्या झाडाच्या ढोलीत बसलेला एखादा कोळी ओंडक्यासोबत गाडीत चढला आणि गुत्तीच्या वखारीत उतरला, असे आज मानले जाते. शास्त्राच्या नोंदवहीत मात्र उतरण्याचे ठिकाणच पत्ता म्हणून लिहिले गेले. ज्या घटनेने ही जात जगाला कळली, ती तिच्या घराच्या तोडीचीच घटना होती.

१६/
त्यानंतर शंभर वर्षे शांतता. पोकॉक यांचा भारतीय अष्टपादांवरील ग्रंथ १९०० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत निघाला आणि निळ्या कोळ्याची ओळख ग्रंथालयांत बंद झाली. विसाव्या शतकात दोन महायुद्धे झाली, साम्राज्य गेले, वखारी बदलल्या. मेटॅलिका जिवंत पाहिल्याची नोंद कोणी केली नाही. अखेर २००१ मध्ये परदेशी अभ्यासकांना नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या अरण्यात, गुत्तीपासून सुमारे १०० किलोमीटरवर, ही जात पुन्हा सापडली. एका शतकाचे कोडे सुटले. दुर्दैवाने त्याच दिवशी पत्ताही उघड झाला.

१७/
हा कोळी उंच, जुन्या झाडांच्या ढोलीत राहतो. ढोलीच्या तोंडाशी रेशमाची नळीसारखी जाळी विणतो, रात्री बाहेर येऊन कीटक टिपतो, दिवसा दिसत नाही. जेथे जुनी झाडे कमी उरतात, तेथे एकाच ढोलीत अनेक कोळी दाटीवाटीने राहताना आढळतात. त्याचा निळा रंग कोणत्याही रंगद्रव्याचा नसतो. केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश विशिष्ट प्रकारे परावर्तित होतो आणि डोळ्याला निळाई दिसते. टॅरंटुलांच्या कुळात निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला असावा, असा निष्कर्ष २०१५ च्या एका अभ्यासाने मांडला. हा रंग कोळ्याच्या नेमका कोणत्या कामी येतो, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. बाजाराला त्याचे मोल लगेच कळले.

१८/
पुनःशोधानंतर थोड्याच वर्षांत युरोप आणि अमेरिकेच्या बाजारात मेटॅलिका दिसू लागला. भारताचे निर्यात धोरण वन्य प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला परवानगी देत नाही. त्यामुळे मूळ जोड्या कोणत्या वाटेने बाहेर गेल्या असतील, हे वेगळे सांगायला नको. सुरुवातीला एकेका पिल्लासाठी शेकडो डॉलर मोजले जात. मग पालकांनी त्याचे प्रजनन साधले, पिल्ले वाढली, किंमत उतरली आणि पूर्वी मोजक्या संग्राहकांकडे असलेला प्राणी सामान्य हौशी घरांत आला. आज परदेशांतील काचपेट्यांत जन्मलेल्या निळ्या कोळ्यांच्या कित्येक पिढ्या आहेत. त्यांनी नल्लमलाचे झाड कधी पाहिलेले नाही.

१९/
हौशी पालकांची बाजू येथे प्रामाणिकपणे मांडायला हवी. त्यांचे म्हणणे असे, की पेटीत जन्मलेले पिल्लू स्वस्त आणि निरोगी मिळत असेल तर रानातून चोरून आणण्याचे कारणच उरत नाही. म्हणजे प्रजनन हेच संरक्षण. यात तथ्य आहे. कात टाकण्याचे टप्पे, मीलन, अंडकोशाची निगा यांविषयीचे बरेच ज्ञान विद्यापीठांपेक्षा या लोकांच्या वह्यांत आधी जमा झाले. ज्या प्राण्याला जग चिरडायला धावते त्याच्यावर प्रेम करायला त्यांनी हजारो तरुणांना शिकवले, हेही खरे आहे.

२०/
पण या युक्तिवादाला मर्यादा आहेत. पेटीतला वंश कोणत्या थोड्या जोड्यांपासून सुरू झाला याची विश्वासार्ह नोंद नसते. जवळच्या जातींचे संकर होतात. त्यामुळे असे प्राणी पुन्हा रानात सोडणे धोक्याचे ठरते. शिवाय रानातील कोळ्यावरचे मुख्य संकट म्हणजे झाडतोड. पेटीतील शंभर पिल्ले एका तुटलेल्या ढोलीची भरपाई करू शकत नाहीत. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत मेटॅलिकाला ‘अतिसंकटग्रस्त’ हा दर्जा मिळाला. १०० चौरस किलोमीटरहूनही लहान क्षेत्रात, तुकड्यातुकड्यांच्या अरण्यात त्याचे अस्तित्व उरले होते. जगभर दिसणाऱ्या प्राण्याचे स्वतःचे घर एका तालुक्याहूनही लहान होते.

२१/
कायदा यायला वेळ लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत वाघ होता, मोर होता; कोळी दीर्घकाळ बाहेरच राहिले. २०१८ मध्ये अमेरिकेने श्रीलंकेतील पेसिलोथेरियाच्या पाच जाती आपल्या संकटग्रस्त यादीत घेतल्या. २०१९ मध्ये साइट्सची परिषद कोलंबोला भरायची होती. ईस्टरच्या बाँबस्फोटांनंतर ती जिनिव्हाला हलवली गेली. त्या परिषदेत श्रीलंका आणि अमेरिकेच्या प्रस्तावावरून संपूर्ण पेसिलोथेरिया प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात आली. भारताने २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधील प्राण्यांना आपल्या कायद्यात स्वतंत्र स्थान दिले आणि २०२४ च्या नियमांनी असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली. रेडनी आणि गुत्तीचा कोळी यांच्या संरक्षणात ३४ वर्षांचे अंतर पडले.

२२/
दरम्यान जुनी कथा नव्या ठिकाणी घडतच राहिली. २०१० मध्ये लॉस एंजेलिस येथे टपालातून आलेल्या पार्सलांत शेकडो जिवंत टॅरंटुला सापडले. त्यांतील काही पिल्ले शरबत प्यायच्या रंगीत प्लास्टिक नळ्यांत कोंबलेली होती. २०१९ मध्ये बोर्निओच्या सारावाक राज्यातील, झगमगत्या निळ्या पायांच्या एका कोळ्याला युरोपात शास्त्रीय नाव मिळाले. तेव्हा सारावाकच्या वनखात्याने तो प्राणी बाहेर नेण्यासाठी परवाना दिलेलाच नव्हता, हे समोर आले. १८९९ आणि २०१९ यांत १२० वर्षांचे अंतर आहे. नमुना पूर्वेकडून निघतो, नाव पश्चिमेत पडते, आणि मूळ अरण्याला बातमी शेवटी कळते. हा क्रम फारसा बदललेला नाही.

२३/
या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. पोकॉक यांनी १८९९ मध्ये एका भारतीय कोळ्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड यांचे नाव दिले. १९१५ मध्ये ग्रेव्हली यांनी दुसऱ्या एका जातीला ‘सतारेन्सिस’ म्हटले. सातारा अशा रीतीने कोळ्यांच्या शास्त्रीय नामावलीत पोहोचला. सह्याद्री आणि कोकणातील मातीच्या बांधांत बिळे करून राहणारा ‘चिलोब्रॅकिस फिंब्रिएटस’ परदेशी पालकांमध्ये ‘इंडियन व्हायोलेट’ या नावाने प्रिय आहे. पावसाळी रात्री तो अंगणात दिसला तर बहुधा चपलेने मारला जातो. एका ठिकाणी ज्याला काचपेटीत जागा मिळते, त्याला स्वतःच्या मुलखात बिळापुरतीही मिळत नाही.

२४/
टॅरंटुलाच्या आवडत्या जातींची कोणतीही यादी पाहिली तर ती रंगांची आणि स्वभावांची यादी वाटते. इतिहासाच्या दृष्टीने वाचली तर तीच यादी बंदरांची, लोहमार्गांची, करारांची आणि तुटलेल्या अरण्यांची होते. मुराररावांची गुत्ती वेढा घालून घेतली गेली. त्याच्या तारखा बखरींत आणि कागदपत्रांत सापडतात. नल्लमलाच्या ढोलीतील निळा कोळी कोणत्या दिवशी, कोणाच्या सामानात, कोणत्या सीमेपलीकडे गेला याचा कागद नाही. नंद्यालहून गिद्दलूरकडे जाणारी गाडी आजही त्याच डोंगरांतून धावते. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या रानात जी जुनी झाडे उभी आहेत, त्यांतील काहींच्या ढोलीत तो अजून आहे. त्याचा खरा पत्ता तोच.

(समाप्त)